मायकेल फॅरेडे: लोखंडी कड्यातल्या झटक्यापासून मेंदूच्या कॉइलपर्यंत

आज जरा वेगळा लेख. दरवेळी आपण फोन, ॲप, बॅटरी यांवर बोलतो. आज एका माणसाबद्दल बोलू, पण त्याआधी आमच्या घरातली एक गोष्ट.

आम्ही मुलुंडला राहतो. गेल्या वर्षी बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला आणि उजवा हात लुळा पडला. काही दिवसांनी न्यूरोच्या ओपीडीत डॉक्टरांनी एक टेस्ट केली. इंग्रजी आठच्या आकाराची, प्लास्टिकच्या आवरणातली जाड कॉइल बाबांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवली. टक् असा आवाज झाला आणि उजव्या हाताचं बोट हललं. डोक्यात सुई नाही, हाताला शॉक नाही, भूल नाही. दोन आठवडे जे बोट बाबांच्या सांगण्याने हलत नव्हतं, ते एका कॉइलच्या सांगण्याने हललं. आई रडायलाच लागली. बाबांनी मात्र मला हळूच विचारलं की ते बोट त्यांनी हलवलं नव्हतं, मग कोणी हलवलं?

त्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरत आली. चुंबकाने मेंदू जागा करा, हात पुन्हा चालू करा, पॅकेज अमुक हजार. मी इंजिनीअर, त्यामुळे घरच्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वाचायला बसलो, आणि वाचता वाचता पोचलो थेट १८३१ सालच्या लंडनमध्ये. बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे होतं. उरलेलं अर्धं सापडलं त्याच माणसाने १८५३ मध्ये केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात. तो माणूस म्हणजे मायकेल फॅरेडे. शाळेच्या पुस्तकात त्याचा नियम आपण पाठ केला, मार्क मिळवले आणि विसरलो. आता त्याची गोष्ट नीट बघू.

लोहाराचा मुलगा

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेकडच्या न्यूइंग्टन भागातला. वडील जेम्स लोहार होते, पण सतत आजारी. त्यामुळे घरात पैशाची ओढाताण कायमची. शाळा म्हणाल तर लिहिणं, वाचणं आणि थोडी आकडेमोड एवढीच. कुटुंब सँडेमनियन नावाच्या एका छोट्या ख्रिस्ती पंथाचं होतं. साधेपणाने राहायचं आणि पैसा साठवायच्या मागे लागायचं नाही, ही त्या पंथाची शिकवण. ती फॅरेडेने आयुष्यभर पाळली.

१४ व्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्या आणि बाइंडरकडे उमेदवारीला लागला. मुदत सात वर्षांची. बाइंडिंगला येणारी पुस्तकं हा पोरगा शिवता शिवता वाचायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं सोपं पुस्तक, या दोन गोष्टींनी त्याला वेड लावलं. मिळतील त्या बाटल्या आणि तारा जमवून तो दुकानातच छोटे प्रयोग करायचा. शहरात एक-एक शिलिंग देऊन ऐकायची विज्ञानाची व्याख्यानं असत. त्यांचे पैसे त्याचा मोठा भाऊ रॉबर्ट द्यायचा. तोही लोहारच.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचा विज्ञानातला स्टार. फॅरेडेने सगळं टिपून घेतलं, आकृत्या काढल्या, स्वतः बाइंड केलं आणि ती वही डेव्हीला पाठवून दिली. आजच्या भाषेत सांगायचं तर डिग्री नसलेल्या मुलाने थेट आपलं काम दाखवून नोकरी मागितली. जागा लगेच नव्हती. पुढे डेव्हीचा जुना सहायक भांडण करून नोकरी घालवून बसला आणि मार्च १८१३ मध्ये फॅरेडेला ती जागा मिळाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग, वर राहायला माडीवरच्या दोन खोल्या.

लगेच डेव्हीबरोबर दीड वर्ष युरोपचा दौरा झाला. पॅरिसमध्ये अँपिअर भेटला, मिलानमध्ये म्हातारा व्होल्टा भेटला. पण डेव्हीचा नोकर ऐन वेळी आला नाही म्हणून ती कामंही फॅरेडेच्याच गळ्यात पडली, आणि डेव्हीच्या बायकोने त्याला नोकरासारखंच वागवलं. वैतागून परत जावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण शिकायला मिळतंय म्हणून त्याने ते सहन केलं.

सुई फक्त एकदाच का हलते?

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवलं की तारेतून करंट गेला की शेजारची चुंबकसुई हलते. पुढच्याच वर्षी फॅरेडेने पाऱ्याच्या भांड्यात लटकती तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. मोटरची ही सुरुवात. पण श्रेयावरून वाद झाला, त्याने दुसऱ्याची कल्पना घेतली अशी कुजबुज झाली. १८२४ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचा सदस्य करायची वेळ आली तेव्हा विरोध केला तो खुद्द डेव्हीने. तरीही निवड झाली. फॅरेडेने उघडपणे डेव्हीबद्दल कटुता धरली नाही.

आता प्रश्न उलटा होता. विजेपासून चुंबकत्व येतं, तर चुंबकापासून वीज येईल का? १८२० च्या दशकात त्याने प्रयत्न केले ते फसले. कारण सगळ्यांसारखा तोही स्थिर परिणाम शोधत होता. चुंबक ठेवला की करंट सुरू व्हावा आणि चालू राहावा, अशी अपेक्षा.

२९ ऑगस्ट १८३१ ला त्याने मऊ लोखंडाचं सुमारे सहा इंच व्यासाचं एक कडं घेतलं. एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे, समोरच्या बाजूला वेगळे वेढे. दोन्हींमध्ये विजेचा कुठलाही जोड नाही. तार उघडी असायची, म्हणून वेढ्यांमध्ये दोरा आणि कापड घालून इन्सुलेशन केलेलं. दुसऱ्या बाजूच्या तारेजवळ चुंबकसुई ठेवली. पहिल्या बाजूला बॅटरी जोडली. सुईने झटका दिला, हेलकावे घेतले आणि जागेवर आली. बॅटरी जोडलेलीच होती, तरी पुढे काही नाही. बॅटरी काढली तर पुन्हा झटका, या वेळी उलट्या दिशेला.

दुसऱ्या कोणी असतं तर म्हणालं असतं की टेबल हललं असेल. फॅरेडे त्या झटक्यावरच थांबला. १७ ऑक्टोबरला त्याने पोकळ कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर करून नुसत्या हालचालीने करंट काढला. निष्कर्ष साफ होता. चुंबक असून चालत नाही, चुंबकत्व बदलावं लागतं. जितकं वेगाने बदलेल तितका झटका मोठा.

आपली मुंबई या एका वाक्यावर चालते. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटी ते कुर्ला धावली. आज घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून आपण ज्या लोकलची वाट बघतो, तिच्या डोक्यावरची तार २५,००० व्होल्टची. ते खाली आणणारा ट्रान्सफॉर्मर म्हणजे फॅरेडेचं तेच कडं मोठं केलेलं, आणि नव्या गाड्यांच्या इंडक्शन मोटरीही त्याच नियमावर फिरतात.

दुसरं वेटोळं म्हणजे मेंदू

आता कड्याची दुसरी बाजू काढून टाका आणि तिथे माणसाचं डोकं ठेवा. टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, हे एवढंच आहे. मशीनमध्ये मोठा कपॅसिटर चार्ज होतो आणि एका क्षणात कॉइलमध्ये रिकामा होतो. काही हजार अँपिअर करंट वाहतो. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, यावरून अंदाज करा. चुंबकीय क्षेत्र सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागात शून्यावरून दीड-दोन टेस्लावर जातं. कवटीचं हाड या क्षेत्राला अडवत नाही. आत मेंदू ओला, खारट, वीज वाहून नेणारा. त्यात कॉइलच्या उलट दिशेला छोटा करंट तयार होतो आणि तिथल्या चेतातंतूंना जागं करतो.

बऱ्याच एमआरआय मशीनमध्येही दीड टेस्लाच असतो. मग तिथे पडून राहिल्यावर हात का उडत नाही? कारण तिथलं मुख्य क्षेत्र स्थिर असतं. १८३१ च्या सुईचं उत्तर इथेही तसंच लागू आहे.

इथवर यायला दीडशे वर्षं गेली. १८९६ मध्ये पॅरिसच्या दार्सोनवालने मोठ्या कॉइलमध्ये डोकं घालून डोळ्यांपुढे चमकणारा प्रकाश अनुभवला. १९१० मध्ये लंडनच्या सिल्व्हेनस थॉम्प्सनने तसंच केलं. गंमत म्हणजे याच थॉम्प्सनने फॅरेडेचं चरित्रही लिहिलं होतं. पण हालचाल कोणाला मिळाली नाही, कारण क्षेत्र पुरेसं वेगाने बदलत नव्हतं. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्यावर थेट विजेचा झटका देऊन हात हलवला, पण तो फार दुखायचा. शेवटी १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी कॉइलने, जवळजवळ न दुखवता, हात हलवून दाखवला.

हात हलतो तो असा. मेंदूच्या पृष्ठभागावर कानापासून टाळूकडे जाणारी एक पट्टी आहे, मोटर कॉर्टेक्स. शरीराच्या प्रत्येक भागाला त्यात जागा आहे आणि हाताला बरीच मोठी. कॉइलचा परिणाम दोन-तीन सेंटीमीटर खोल पोचतो, आणि हाताची जागा सुदैवाने त्या टप्प्यात येते. तिथल्या पेशी पेटल्या की संदेश मणक्यातून उतरतो आणि २० ते २५ मिलिसेकंदांत विरुद्ध बाजूच्या हाताच्या स्नायूत पोचतो. स्नायूवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडला तो दिसतो. म्हणून ही मुळात टेस्ट आहे, लाइन चालू आहे की तुटली ते बघायची. आपण सर्व्हरला पिंग करतो तसं. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या दिवसांत पिंगला उत्तर आलं, तर हात परत येण्याची शक्यता चांगली मानतात. बाबांच्या बोटाने त्या दिवशी तेच उत्तर दिलं होतं.

आणखी एक निरीक्षण मला फार आवडलं. १९८९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी लोकांना इशारा मिळताच मनगट हलवायला सांगितलं आणि हालचाल सुरू व्हायच्या ऐन आधी मेंदूला एक झटका दिला. हालचाल रद्द झाली नाही. ती थांबली आणि दीडशे मिलिसेकंदांपर्यंत उशिरा, पण पूर्ण, आपल्या मूळ आकारात झाली. म्हणजे हालचालीचा आराखडा एकीकडे तयार राहतो आणि तो पाठवणारी यंत्रणा वेगळी असते. झटक्याने पाठवणं अडकतं, आराखडा पुसला जात नाही.

ईल मासा आणि फिरणारी टेबलं

फॅरेडेला हे सगळं माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण चेतासंस्थेच्या दारापर्यंत तो दोनदा येऊन गेला.

पहिल्यांदा १८३८ मध्ये. लंडनच्या ॲडलेड गॅलरीत दक्षिण अमेरिकेतून आणलेला एक जिवंत विजेचा ईल मासा होता. फॅरेडेने त्याच्यावर स्वतःचे हात ठेवून शॉक घेतले. एक हात डोक्याकडे आणि एक शेपटीकडे असला की झटका सगळ्यात जोरात. माशाच्या विजेने सुई हलते, चुंबकत्व येतं, ठिणगी पडते, म्हणजे ती आणि बॅटरीतली वीज एकच, हे त्याने दाखवलं. पुढे त्याने एक प्रश्न मांडून ठेवला: मासा चेताशक्तीची वीज करतो, तर बाहेरून वीज देऊन उलट चेताशक्ती जागवता येईल का?

दुसऱ्यांदा १८५३ मध्ये. आपल्याकडे त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली होती, आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या रुळांवरून. तिकडे लंडनमध्ये वेड होतं टेबल फिरवण्याचं. लोक टेबलाभोवती बसायचे, हात टेकवायचे आणि टेबल आपोआप सरकायचं. कोणी म्हणे भूत, कोणी म्हणे वीज, कोणी म्हणे चुंबक. विजेचं नाव आलं की लोक फॅरेडेकडे पत्रं पाठवायचे. शेवटी त्याने प्रयोगच केला.

त्याने प्रामाणिक माणसं निवडली, ज्यांचा टेबल फिरण्यावर खरंच विश्वास होता. त्यांच्या हातांखाली पुठ्ठ्यांची चळत ठेवली. पुठ्ठे एकमेकांना मऊ डिंकासारख्या मिश्रणाने असे चिकटवलेले की जोर लागला तर सरकतील आणि सरकलेले कळतील. टेबल हाताला ओढत असेल तर खालचे पुठ्ठे आधी सरकायला हवेत. सरकले ते वरचे. म्हणजे आधी हात, मग टेबल. नंतर त्याने दोन फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या घालून वर एक दर्शक काडी बसवली. हात जरा बाजूला ढकलला की काडी झुकणार. काडी लोकांना दिसत नव्हती तोवर टेबल फिरलं. काडी समोर दिसू लागली आणि टेबल थांबलं.

कोणीही खोटं बोलत नव्हतं. हात खरंच ढकलत होते, आणि हाताच्या मालकाला ते माहीत नव्हतं. बाबांच्या प्रश्नाचं दुसरं अर्धं इथे आहे. हालचाल आणि मी हलवलं ही जाणीव, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉइलने हलवलेल्या बोटात हालचाल आहे, जाणीव नाही. आणि अपेक्षा जबरदस्त असली की जाणिवेशिवायही हात ढकलतो.

शेवटची वर्षं

या माणसाची स्वतःची स्मरणशक्ती मात्र त्याला सोडून चालली होती. १८३९-४० च्या सुमारास तो पार कोलमडला. चक्कर, डोकेदुखी, विसर. १८४१ मध्ये बायको सारासोबत तो स्वित्झर्लंडला विश्रांतीला गेला. काही वर्षं जवळपास काम बंद. पण १८४५ मध्ये परत आला तो प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो हे दाखवूनच. विसरण्यावर त्याचा उपाय आपल्या ओळखीचा आहे: लॉग ठेवणं. प्रयोगाच्या वहीत प्रत्येक नोंदीला क्रमांक. त्या नोंदी सोळा हजारांच्या वर गेल्या.

गणित त्याला येत नव्हतं. त्याने मनातल्या रेषांनी चुंबकीय क्षेत्र पाहिलं आणि पुढे मॅक्सवेलने त्या रेषांची समीकरणं केली. सर ही पदवी त्याने घेतली नाही, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं. मुलांसाठी नाताळची व्याख्यानं मात्र वर्षानुवर्षं दिली. शेवटची वर्षं हॅम्प्टन कोर्टच्या राणीने दिलेल्या घरात गेली. स्मृती आणि शक्ती दोन्ही ओसरत गेल्या, आणि २५ ऑगस्ट १८६७ ला खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला.

मग जाहिरातीचं काय?

एकच झटका ही टेस्ट, पण झटके ओळीने दिले तर परिणाम थोडा वेळ टिकतो. ढोबळ मानाने सेकंदाला एक या सावकाश गतीने दिले तर ती जागा शांत होते, पाच किंवा जास्त गतीने दिले तर उत्तेजित होते. माणसागणिक हा परिणाम बराच बदलतो. मेंदूचे दोन अर्धे एकमेकांना दाबून धरतात. त्यामुळे स्ट्रोकनंतर निरोगी बाजू शांत केली तर जखमी बाजूला मोकळीक मिळेल, अशी कल्पना. २०२० च्या युरोपियन तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने स्ट्रोकनंतरच्या सुरुवातीच्या टप्प्यात हातासाठी या पद्धतीला वरच्या दर्जाचा पुरावा दिला आहे. डोक्याला पट्ट्या लावून एक-दोन मिलिअँपिअर देणारी टीडीसीएस ही दुसरी पद्धत. ती पेशी पेटवत नाही, फक्त पेटायची तयारी कमी-जास्त करते.

पण २०१८ मध्ये आलेला अमेरिकेतला एक मोठा प्रयोगही वाचा. स्ट्रोक होऊन तीन ते बारा महिने झालेले १९९ रुग्ण. काहींना खरी कॉइल, काहींना तसाच आवाज करणारी खोटी कॉइल, आणि सगळ्यांना हाताचा भरपूर व्यायाम. दोन्ही गटांत साधारण दोन-तृतीयांश लोक सुधारले. फरक जवळपास शून्य. खोटी कॉइल म्हणजे फॅरेडेची काडीच. सुधारणा खरी होती, पण ती कॉइलने ढकललेली नव्हती.

म्हणून घरी मी जे ठरवलं ते सांगतो. पॅकेज घेतलं नाही. न्यूरोलॉजिस्टना तीन गोष्टी विचारल्या: आता कोणता टप्पा आहे, व्यायामासोबत देणार की व्यायामाऐवजी, आणि सुधारणा मोजणार कशी. तुमच्याकडे अशी वेळ आली तर हेही सांगा की डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लियर इम्प्लांट, पेसमेकर किंवा फिट येण्याचा इतिहास आहे का. टीएमएसने फिट क्वचितच येते, पण येऊ शकते. आणि यूट्यूब बघून घरी बॅटरी जोडून टीडीसीएस करू नका, प्लीज.

बाबांचं रोजचं काम आता डबीत राजमा टाकणं. फिजिओ ताईंनी शिकवलं तसं एक-एक दाणा उचलायचा आणि टाकायचा. पहिल्या महिन्यात तीन, आता बावीस. मी एका वहीत तारीख आणि आकडा लिहितो, क्रमांक घालून. परवा बाविसावा दाणा पडला तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की हा मात्र त्यांनी स्वतः टाकला.